बर्फावर बसलेला नारळ

माझं माहेर डिलाईल रोडच्या चाळीतलं, सासर वरळीच्या कोळीवाड्यातलं. माहेरी आम्ही मासे विकत आणायचो आणि सासरी ते विकतात, एवढाच काय तो फरक, असं मी लग्नाआधी समजत होते. नारळाचं प्रकरण मला ठाऊक नव्हतं.

नवरा बोटीवर इंजिनाच्या कामाला आहे. नव्या समुद्रावर गेला की घरून नेलेला नारळ त्यानं पहिल्याच दिवशी पाण्यात सोडायचा आणि सासूबाईंनी ते व्हिडिओ कॉलवर बघायचं, हा आमच्या घरचा नियम. आखातात, सिंगापूरला सगळं सुरळीत झालं. मग एका जानेवारीत त्याला कास्पियन समुद्राच्या पार उत्तर टोकाला पाठवलं.

त्यानं कठड्यावरून नारळ सोडला. टक्क आवाज झाला, नारळ जरासा घरंगळला आणि बसून राहिला. खाली पाणी नव्हतंच. नजर जाईल तिथवर बर्फ. मला हसू आवरेना. सासूबाई मात्र फोनवर आणखी वाकल्या. त्या रोज सकाळी बर्फ फोडून पापलेटांवर पसरतात. बर्फ मासळीला लागतो, दर्याला कशाला, हे त्यांना उमगेना. नवऱ्यानं लांब दांड्याच्या जाळीनं नारळ वर ओढून घेतला. दर्यानं नारळ परत केला, असा त्याचा अर्थ निघाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, दर्या नारळ घेईपर्यंत मी मासळी तोंडाला लावणार नाही. म्हणजे दिवसभर मासळी विकायची आणि घरी येऊन वालाची उसळ खायची. मी समजवायला गेले, की तो समुद्र नाहीच, चारी बाजूंनी जमीन आहे, मोठं तळंच म्हणा. पाणी खारट आहे का, एवढंच त्यांनी लेकाला विचारलं. थोडंसं आहे, तो म्हणाला. मग दर्याच तो. विषय संपला.

मी नवऱ्याला म्हटलं, बुडाला म्हणून सांगून टाक. तो चिडला, नारळाच्या बाबतीत खोटं बोलायचं नसतं म्हणे. मग मीही चिडले. दोन-दोन स्वयंपाक कोण करत बसणार, म्हणून घरात मासळी शिजवणंच बंद केलं.

त्यानंतर सासूबाई फोनवर लेकाच्या आधी दर्याची तब्येत विचारू लागल्या. तिकडे भरती-ओहोटी जाणवतच नाही, वारा ढकलेल तसं पाणी पुढंमागं होतं, हे ऐकून त्या हळहळल्या. पाणी वर्षावर्षाला आटतंय, जुना धक्का आता वाळूत उभा आहे, बर्फही पूर्वीइतका धरत नाही, असं तिथले खलाशी त्याला सांगत. दर्या आजारी आहे, असं त्यांनी निदान केलं. एकदा त्यानं बर्फावर पिल्लाला घेऊन पहुडलेली सील दाखवली, तेव्हा मात्र त्या खुदकन हसल्या आणि पुन्हा दाखव म्हणाल्या. मला बरं वाटलं. त्यांच्या आवाजातली भीती मला ऐकवत नव्हती.

एका दुपारी बाजारातून आल्या त्या टोपली तशीच ठेवून माझ्यासमोर बसल्या.

"आपन भर पावसाल्यात नारल सोडतो का गं?"

नाही, म्हटलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर; नारळ श्रावणातल्या पुनवेला, दर्या उघडताना.

"मग? त्यांचा पावसाला आता चाललाय. बंद दर्याला नारल दिला आपन. चूक आपलीच."

मी शिकलेली, मोठं तळं म्हणणारी. हे मला सुचलं नव्हतं.

मार्चमध्ये बर्फ फुटला. नवऱ्यानं जपून ठेवलेला तोच नारळ पुन्हा सोडला. डुबुक. तो वर आला, दोन लाटांवर डोलला आणि हळूहळू लांब गेला. सासूबाई तो दिसेनासा होईपर्यंत हात जोडून उभ्या होत्या. मी हसायच्या तयारीत होते आणि मलाच रडू फुटलं.

सुरमई त्यांनी सकाळीच आणून ठेवली होती. इतका विश्वास. स्वतः तळली आणि पहिली तुकडी माझ्या ताटात वाढली. आधी तुम्ही घ्या, मी म्हटलं; नेम तुमचा होता.

"माझा व्हताच," त्या म्हणाल्या. "पन तुझी वहिनी बोलली मला, माहेरी तिनं वाढलेली कोलंबी तू परत केलीस. का? तुला कोनी सांगितलं व्हतं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि सुरमईचा घास घेतला.