आपांची कॉफी

ओफेलिया बारागान आमच्या मर्सेडच्या शाळेत माझ्या पहिलीच्या वर्गावर मदतनीस. फळा पुसायचा, नाकं पुसायची, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं. तिला वर्गाची बाई व्हायचं होतं आणि त्याला पदवी लागते. नोकरी सांभाळून गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात तिनं सहा वर्षं काढली. मग विद्यापीठाचं पत्र आलं: तुम्ही पूर्ण केलेल्या विषयांचे अडुसष्टच्या अडुसष्ट युनिट स्वीकारले आहेत. पदवीला लागतात एकशेवीस.

तिनं पत्र वडिलांना वाचून दाखवलं. वडिलांना ती आपा म्हणायची. अर्ध्याहून जास्त झालं, आता दोनच वर्षं, म्हणून आपांनी उभ्या उभ्या ग्वादालूपेच्या माउलीला नवस बोलला: पोरीच्या हातात पदवी पडेपर्यंत कॉफी बंद. आयुष्यभर पीचच्या बागांत राबलेला माणूस. दालचिनी घालून मडक्यात उकळलेली कॉफी एवढीच त्यांची चैन.

विद्यापीठातल्या सल्लागारबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की त्यातले एकेचाळीसच हिच्या पदवीत धरले जातील. ओफेलियानं पत्र पुढे सरकवलं.

"स्वीकारले म्हणजे आम्ही ठेवून घेतले," बाई म्हणाल्या. "मोजले, असं कुठं लिहिलंय?"

उरलेले विषय दिवसा, नेमके शाळेच्या वेळेत. सुट्टी मागून एका सत्रात एखादा जमायचा. त्यातला एक तर फक्त ऑगस्ट ते डिसेंबरच शिकवायचे. मधेच आपांची मूत्रपिंडं गेली. त्यांना डायलिसिसला न्यायला तिनं वर्षभर शिक्षण थांबवलं. परत गेली तर अभ्यासक्रम बदललेला, दोन विषय वाढलेले.

दोनाची पाच वर्षं झाली. आपा गंमत करायचे, की आमच्या खेचरानं एवढ्यात आख्खा डोंगर नांगरला असता. कप मात्र फळीवर उपडाच. आजारी माणसाला नवसातून मोकळं करता येतं, असं पाद्रीबाबांनी घरी येऊन सांगितलं. आपांनी मान हलवली. म्हणाले, मी माउलीला वर्षं नव्हती सांगितली, पदवी सांगितली होती.

मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले. काय हवं ते खाऊ-पिऊ द्या म्हणाले. ओफेलिया घरून कॉफी उकळून दवाखान्यात घेऊन गेली आणि कप त्यांच्या ओठांपाशी धरला.

"आपा, झालं. मिळाली पदवी."

त्यांनी डोळे मिटून नुसता वास घेतला. बराच वेळ.

"कागद दाखव."

तिनं कप तसाच ओठांपाशी धरून ठेवला.

"कप खाली ठेव, पोरी. माझ्यापायी माउलीशी खोटं बोलू नकोस."

तिसऱ्या दिवशी ते गेले.

नोव्हेंबरात, त्यांच्याकडे मेलेली माणसं घरी येतात म्हणतात त्या दिवशी, मी झेंडू घेऊन तिच्याकडे गेले. आपांच्या फोटोपुढे सगळं मांडलेलं: मक्याच्या पानात उकडलेले तामाले, गोड पाव, पीचचा मुरंबा, त्यांची गवती टोपी. मी हात जोडले. मग लक्षात आलं, कॉफी नाही. कपही नाही.

"अगं, गेलेल्या माणसाला कसला नवस," मी म्हटलं. "ठेव की घोटभर."

"अजून एक विषय राहिलाय ताई, डिसेंबरपर्यंत," ती म्हणाली, आणि तिनं फोटोपुढे पाण्याचा पेला ठेवला.