बिळासमोरची खुर्ची

नव्वदच्या दशकात मी बहरीनला नोकरीला होतो, तेव्हाची ही ओळख. बाई वसईच्या, हॉस्पिटलात नर्स. आम्ही त्यांना सिस्टरच म्हणायचो. तिथे चर्चमधली मिस्सा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. ती आटोपली की सिस्टर आम्हा हौशी मंडळींना वाळवंटात न्यायच्या आणि काटेरी शेपटीच्या सरड्यांची बिळं तपासून टिपणं करायच्या. त्याला त्या राउंड म्हणायच्या. दरडावायच्याही वॉर्डात असल्यासारख्या. "आवाज नको. पेशंट झोपलाय."

एकदा एक जीप धुरळा उडवत थेट बिळांच्या दिशेनं आली. सिस्टरनी वाटेतच घडीची खुर्ची मांडली, बसल्या आणि डबा उघडला.

जीपमधून डोकावले ते माझेच साहेब.

"मॅडम, हटिए!"

"मफी," सिस्टरनी अरबीत नकार दिला. "इधर पेशंट है."

मी कुजबुजलो, "सिस्टर, व्हिसा जाईल."

"माझा व्हिसाच जाईल. त्याचं घर जाईल."

साहेबांची नजर माझ्यावर पडली. "तुम? हटाओ इनको!"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त डबा जरासा माझ्या बाजूला सरकवला.

मी जीपसमोर मांडी घातली आणि पाव उचलला.