शहर मी निवडलं होतं

लातूरच्या ट्यूशन एरियात आमच्यासारख्या बायकांची एक जमातच आहे. पोरगं अकरावीला क्लासला टाकलं, की आईने गाव सोडायचं, इथं एक खोली घ्यायची आणि दोन वर्षं डबा, चहा, चाचणीचे मार्क आणि टँकरची वाट यांत घालवायची. नवरे रविवारी येतात. येताना घरची ज्वारी, तूरडाळ, एखाद्या लोणच्याची बरणी आणतात, पोराला अभ्यास कसा चाललाय ते विचारतात आणि संध्याकाळच्या बसने परत जातात. आमच्या इमारतीत खालपासून वरपर्यंत अशाच आया होत्या. गच्चीवर जमलं की सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय असायचा, आणि तो कुणालाच नको असायचा.

मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवत होते. बिनपगारी रजा टाकून लेकीसोबत इथं आले. जबरदस्ती कुणी केली नाही. फक्त "मग तिच्याजवळ कोण राहणार?" हा प्रश्न घरात निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते, आमच्या ह्यांच्याकडे कुणी चुकूनही पाहिलं नाही. ह्यांची सरकारी कचेरीतली नोकरी म्हणजे नोकरी, आणि माझी म्हणजे वेळ जायला धरलेलं काहीतरी, असा आमच्या घरात पहिल्यापासून समज आहे. मी त्यावर भांडले नाही. लेक हुशार आहे, तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते मलाही हवं होतं.

लेक बारावीत होती त्या दिवाळीला आम्ही सगळे नांदेडला जमलो. धाकट्या दिरांनी विषय काढला की यंदा वर्षअखेरीला सगळ्यांनी मिळून परदेशात जाऊ. फार नाही, चार-पाच दिवस, एकच शहर बघायचं आणि परत यायचं. पोरांना नाताळच्या सुट्ट्या असतात, हैदराबादहून विमान मिळतं, आणि आता तर आमच्या गल्लीतला किराणावालासुद्धा दुबई बघून आलाय. त्याचा उल्लेख झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांची खात्री पटली.

शहर कोणतं, यावर मात्र अर्धा दिवस गेला. दिरांना बँकॉक हवं होतं, आणि ते का हवं होतं ते त्यांच्या हसण्यावरून कळत होतं. जाऊबाईंनी ते तिथल्या तिथे मोडीत काढलं. त्यांना सोन्याची दुकानं बघायला दुबई हवी होती. सासूबाईंचं म्हणणं एवढंच की कुठंही न्या, पण पोळी-भाजी भेटली पाहिजे आणि लई चालायला नको. शेवटी हे म्हणाले, "हिला विचारा ना. जन्मभर नकाशेच शिकवून राहिली." सगळे हसले. मीही हसले. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. लातूरला गेल्यापासून लेकीचे मार्क सोडून मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

मी ते काम मनावर घेतलं. दुपारी लेक क्लासला गेली की मी मोबाईल घेऊन बसायची. कुठं डिसेंबरात थंडी किती, विमानात किती वेळ बसावं लागतं, म्हातारीला बसल्या जागी काय बघता येईल, पोरांना काय आवडेल. इस्तंबूल थंडीमुळे सोडलं, हाँगकाँग चढ-उतारांमुळे. दुबईत दुकानं सोडून मला काय बघायचं, असं जाऊबाईंना तोंडावर म्हणता येत नव्हतं, म्हणून तिथं त्या दिवसांत गर्दी फार असते एवढंच लिहिलं. मग सिंगापूर धरलं. देश तोच आणि शहरही तेच, त्यामुळे उतरलं की पोचलो. आपल्या जेवणाची एक अख्खी वस्ती आहे. सगळीकडे लिफ्ट आहेत. पाऊस कधीही येईल, छत्र्या सोबत ठेवा. कोणत्या दिवशी कुठं जायचं आणि सासूबाईंना कुठं बसवायचं, इथपर्यंत सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. दिरांनी लिहिलं, वहिनी, तुम्ही शाळा सोडा आणि ट्रॅव्हल्सचं ऑफिस टाका.

सिंगापूर निवडण्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. वर्गात जगाचा नकाशा टांगला की सिंगापूर जवळजवळ दिसतच नाही. मलाय द्वीपकल्पाच्या टोकाला एक ठिपका असतो. त्यात नाव लिहायला जागा नसते, म्हणून नाव बाजूला समुद्रात लिहिलेलं असतं. नकाशा भरताना पोरं दर वर्षी तो ठिपका चुकवायची, कुणी सुमात्रात द्यायचं, कुणी थेट पाण्यात. मी दर वर्षी सांगायची की पूर्वेकडची जहाजं पश्चिमेला निघाली की सिंगापूरच्या दारावरून जातात, समुद्रात त्यांची रांग लागलेली असते. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही बघितली का?" मी तिला पुढचं पान काढायला सांगितलं. मला ती रांग बघायची होती. किनाऱ्यावर उभं राहून, निवांत, कुणाचा डबा भरायचा नसताना.

लेकीने आधीच सांगून टाकलं होतं की ती येणार नाही. क्लासला सुट्टी होती, पण सुट्टी संपली की लगेच मोठी चाचणी होती. आमच्या शेजारच्या खोलीत औशाच्या एक बाई राहायच्या, शेतकरी घरातल्या, त्यांची मुलगी आमच्या लेकीच्याच बॅचला. लेकीला चार दिवस तुमच्याकडे जेवायला ठेवू का, असं मी त्यांना भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "हाव की. एका ताटात दोघी जेवतील. जावा तुम्ही, कवा जाणार मग?" त्या संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी गुणगुणत होते, असं लेकीने मला पुढे कधीतरी सांगितलं.

तिकिटं काढायच्या आधीच्या रविवारी हे आले. लेक पेपरला गेली होती. चहा झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाले, "एक बोलायचं होतं. पोरगी रडली माझ्यापाशी फोनवर. म्हणली, मम्मी गेली तर माझ्यानं पेपर होणार न्हाई. तुला म्हणायला लाजते. तू तिला काही विचारू नको, अजून दडपण येईल."

मी लगेच म्हणाले, मग मी राहते. ह्यांनी मान हलवली आणि डाळीचा डबा कुठं ठेवायचा ते विचारलं. दोन दिवसांनी कळलं की माझ्या जागी नणंदबाई जाणार आहेत. त्या हिमायतनगरला असतात, ह्यांच्याहून लहान. तिथं हॉटेलात सासूबाईंच्या खोलीत सोबतीला कुणीतरी लागणारच होतं. मला तेव्हाही काही खटकलं नाही. उलट मीच नणंदबाईंना फोन करून स्वेटर नको, छत्री घ्या, असं सांगितलं. एवढी मी शहाणी.

पण लेकीचा मला राग आला. आई म्हणून तो येऊ नये असं म्हणतात, मला आला. विचारायचं नाही असं बजावलं होतं म्हणून मी काही बोलले नाही, पण न बोलता राग लपतो थोडाच. तिला वाढताना माझा हात आपटायचा. मार्क विचारताना आवाज चढायचा. ती "डबा नको, पोट भरलंय" म्हणाली तर मी दुसऱ्यांदा आग्रह करत नव्हते. ती मात्र त्या दिवसांत फारच मवाळ वागत होती. स्वतःचं ताट धुवायची, माझे कपडे घडी घालून ठेवायची, रात्री पाय चेपू का विचारायची. मी मनात म्हणायची, वाटू दे हिला, वाटायलाच पाहिजे. त्याच दिवसांत तिचे चाचण्यांमधले मार्क उतरायला लागले, आणि त्यावरूनही मी तिला बोलले.

सगळे गेले. जाण्याआधी मी ह्यांना एकच गोष्ट मागितली होती, किनाऱ्यावरून दिसणाऱ्या जहाजांचा एक फोटो. ग्रुपवर फोटोंचा पूर आला. मॉलमधलं नाताळचं झाड, झाडासमोर जाऊबाई, झाडासमोर सगळे, काळा चष्मा लावलेल्या नणंदबाई, सरकत्या जिन्यावर दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या सासूबाई. जहाज एकही नव्हतं. दुपारी लेक जेवायला बसली होती आणि मी पोळी लाटता लाटता मोबाईल बघत होते. ती हळूच म्हणाली, "मम्मी, तू जायला पाहिजे होतं."

माझा तोल सुटला. "कुणी जाऊ दिलं मला?"

तिने हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे? पप्पा तर म्हणले, तुलाच जायचं न्हाई. मला सोडून तिथं तुझा जीव लागणार न्हाई म्हणून. मी म्हणले ना त्यांना, मम्मीला घेऊन जा, मी काकूंकडं जेवते. तर म्हणले, तिला परत विचारू नको, रडते ती."

तव्यावरची पोळी जळाली. मी गॅस बंद केला आणि तिच्यासमोर बसले. ह्यांनी मला काय सांगितलं होतं ते तिला सांगितलं. दोघींना दोन गोष्टी, एकीला दुसरीचं रडणं, आणि दोघींनी एकमेकींना विचारायचं नाही. काम अगदी चोख झालं होतं. कचेरीत हे लोकांचे कागद दोन टेबलांच्या मधे असेच अडकवत असतील, त्याशिवाय इतका हात बसत नाही.

लेक रडली. मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. सिंगापूर गेलं खड्ड्यात. पण इतके दिवस मी माझ्या पोटच्या पोरीकडे वैरिणीसारखं बघितलं, आणि माझ्यामुळे मम्मीचं जाणं हुकलं हे ओझं घेऊन ती पेपर देत राहिली. हे मी ह्यांना माफ करू शकत नाही. करायचंही नाही.

परत आल्यावरच्या रविवारी हे चॉकलेटं, एक छत्री आणि फ्रीजला चिकटवायचा छोटा सिंह घेऊन आले. आमच्या खोलीत फ्रीज नाही. लेक खोलीत असतानाच मी विचारलं, की तुम्ही खोटं का सांगितलंत. वाटलं होतं की निदान नजर तरी चुकवतील. ते म्हणाले, "आईचं मन होतं बहिणीला न्यायचं, आणि अजून एक तिकीट परवडत नव्हतं. तिला कुणी कुठं नेलंय आजपर्यंत? तुला सरळ म्हणलो असतो तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"मग घेऊ द्यायचं होतं."

"अगं, पण कुणाचं काय वाईट झालं? तू सांगितलंस तसंच सगळं निघालं. आई तर म्हणून राहिली, सुनेनं झकास ठरवलं. लई मजा आली." मी जहाजांचं विचारलं. "जहाजं? दिसली की बसमधून. त्यांचा फोटो काय काढायचा?" मग लेकीच्या हातात चॉकलेटाची पिशवी देऊन त्यांनी बसची वेळ बघितली. लेकीने ती पिशवी उघडली नाही. संध्याकाळी ती औशाच्या बाईंच्या मुलीला देऊन आली.

लेकीचा प्रवेश थोडक्यात हुकला. ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे, म्हणून मी पुन्हा त्याच खोलीत आहे. औशाच्या बाईंच्या मुलीला कॉलेज मिळालं, त्या सामान बांधून गेल्या. जाताना रडल्या, मीही रडले. नांदेडला घरात काय बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. आई सतत जवळ असून पोरीला जमलं नाही, मग आई तिथं करते काय?

मागच्या महिन्यात जाऊबाईंनी ग्रुपवर लिहिलं, ताई, यंदा वर्षअखेरीला कुठं जायचं? तुम्हीच सांगा, तुम्ही ठरवलं की सगळं नीट होतं. मी एकच शब्द लिहिला, सिंगापूर. त्यांचं उत्तर आलं, ताई, ते तर झालं की बघून.

मी लिहिलं, तुमचं झालं.

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळाने ह्यांचा फोन आला. ग्रुपवर असलं काही लिहीत जाऊ नको, आईनं वाचलं. मी म्हणाले, वाचू द्या. तर म्हणाले, यंदा तसंही तुला येता येणार न्हाई, पोरीचं वर्ष आहे. या वेळी निदान त्यांनी ते पोरीच्या तोंडी घातलं नाही. लेक समोर पुस्तक घेऊन बसली होती. मी ग्रुपवर सांगू का सगळ्यांना, असं तिने विचारलं. मी तिला वाचत बस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिरांनी ग्रुपवर व्हिएतनामचे फोटो टाकले. जाऊबाईंनी टाळ्या टाकल्या, नणंदबाईंनी विमान. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. माझी विचारपूस केली, नातीची केली, लातूरला पाणी येतंय का ते विचारलं. मग म्हणाल्या, "तिकडं व्हिएतनामात पोळी-भाजी भेटते का गं?"

मी म्हणाले, "मला नाही सांगायचं, आत्याबाई. मी आता कुणाला काही सांगणार नाही."

त्यांनी "बरं" म्हणून फोन खाली ठेवला. मला वाटलं, पोचलं. पण फोन बंद करायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. खोलीतल्या कुणाला तरी त्या सांगत होत्या, "न्हाई सांगत ती. पोरीच्या परीक्षेचं डोक्यात असंल तिच्या. उद्या विचारू."