बाबांचे डोनट

आई गेल्यापासून चहाखेरीज काही न करणारे बाबा आज इस्त्रीचा शर्ट घालून कढईत डोनट तळत होते. प्रत्येकावर पिठीसाखरेचा पाक ओतून ते मुलांच्या नाश्त्याचं रंगीबेरंगी सीरियल हलक्या हाताने चिकटवत होते. मला संशय आला. घरातलं माणूस अचानक खुशीत दिसलं, की आपण आधी कारणच का शोधतो?

“कोण येणार आहे?” मी विचारलं.

“कोणी नाही.” मग कढईकडेच बघत ते म्हणाले, “सुलभाताई. बागेत फिरताना भेटतात, त्या. तूही थांबशील ना?”

त्यांचे कान लाल झाले होते. मी आईच्या ठेवणीतल्या बश्या काढल्या आणि पुसायला घेतल्या.