सगळी कडवी म्हणायचीच

न्यूयॉर्कचे ते दोन टॉवर अतिरेक्यांनी पाडले त्यानंतरच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आम्हा मराठी बायकांना देशभक्तीचा जोरदार झटका आला. गाड्यांवर झेंडे लावून झाले होते, तरी आमचा सावळा रंग बघून लोक डोळे वटारायचेच. मग ठरलं, चार जुलैला पार्कात स्टेजवर जायचं आणि अमेरिकेचं राष्ट्रगीत दणक्यात गायचं. आता बघा म्हणावं!

माझी ब्लॅक शेजारीण चर्चमध्ये गायची. आवाज असा खणखणीत, की आमच्या खिडक्या थरथरायच्या. "तू पुढे उभी राहा, आम्ही मागून सूर धरतो," म्हटल्यावर ती एकदम खूश.

इथे सगळे पहिलंच कडवं म्हणतात. पण आमच्या मंडळातल्या सगळ्यात मोठ्या काकूंना ते कसं चालावं? आरतीचं एक कडवं गाळलं तरी त्यांचा दिवस खराब जातो. "अर्धवट काही म्हणायचं नाही हं!" त्यांनी मुलाला नेटवरून सगळी कडवी काढायला लावली, आणि माझ्या बेसमेंटमध्ये पेटी-टाळांसकट आम्ही तिसरं कडवं ठेक्यात म्हणू लागलो. अर्थबिर्थ कोण बघतंय!

शेजारीण प्रॅक्टिसला आली ती दारातच थांबली. "पळून गेलेल्या गुलामांना मरणापासून सुटका नाही, असं गाताय तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या पणजीची आई पळालेली गुलाम होती."

टाळ बंद. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी गं बाई, आत्ता गाळते ते कडवं."

"इथल्या लोकांनी गाळूनच तर ठेवलंय इतकी वर्षं," एवढंच बोलून ती निघून गेली. आता ही आपल्याबरोबर गाते कसली! माझा जीव नुसता टांगणीला लागला.

चार तारखेला ती आली. म्हणाली, "तिसरं कडवं गाळायचं नाही, पण तिथे नुसती पेटी वाजू दे. आपण तोंड मिटून उभं राहायचं." तसंच केलं. लोकांना वाटलं, बिचाऱ्या विसरल्या. टाळ्या वाजवून धीर द्यायला लागले! माझं डोकं असं सणकलं म्हणता!

खाली उतरल्यावर एक गोरे आजोबा प्रेमाने म्हणाले, "मधलं विसरलात, पण प्रयत्न छान होता."

मी तोंड उघडायच्या आत शेजारीण म्हणाली, "विसरलो नाही, सर. पाठ आहे. म्हणून दाखवू?"

आजोबा हसून हो म्हणाले. तिने तिथेच गवतावर उभं राहून ते कडवं सुरू केलं. आजोबांचं हसू मध्येच मावळलं. ती थांबली नाही.