रस्ता सांगणाऱ्या नरसक्का

नरसक्का एसटीत बसल्या तरी ड्रायव्हरच्या मागची उजवीकडची खिडकी धरायच्या. पुढे बैलगाडी आली की मान बाहेर काढून रस्ता बघायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायच्या, “जावा!” ड्रायव्हर दचकायचा, कंडक्टर चिडायचा. “बाई, गाडी आमी चालवतो.” अक्का म्हणायच्या, “चालवा की. मी कुटं नगं म्हणलं? पर मोकळं हाय, हे सांगायला कुणीतरी लागतंय.”

ही खोड त्यांना बिस्केनने, म्हणजे त्यांच्या मोटारीने लावली. सोलापुरात आमच्या गल्लीत सगळी तेलुगू विणकरांची घरं, दिवसभर मागांचा खडखडाट. त्या गल्लीत अक्कांच्या नवऱ्याने, रामुलूमामांनी, मुंबईच्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून ही अगडबंब अमेरिकन मोटार आणली. ती गल्लीत वळायचीच नाही, रिव्हर्समध्येच बाहेर काढावी लागे. शिवाय तिचं स्टिअरिंग डावीकडे. आपण चालतो रस्त्याच्या डावीकडून. पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसणार कसं? म्हणून मामा चालवायचे आणि उजवीकडे बसून अक्का बघायच्या. “थांबा” म्हटलं की मामा थांबत, “जावा” म्हटलं की निघत. अक्कांच्या शब्दाबाहेर त्यांनी कधी ट्रक ओलांडला नाही.

गाडीची कुळकथा मामांना तोंडपाठ. अमेरिकेत म्हणे एकाच सांगाड्यावर तीन बहिणी व्हायच्या. थोरली इंपाला, मधली बेल एअर आणि सगळ्यांत स्वस्त ती धाकटी बिस्केन. लांबी-रुंदी तीच, हाडपेर तेच, फक्त धाकटीच्या अंगावर दागिने नाहीत. थोरली साहेबलोकांची, धाकटी टॅक्सीवाल्यांची आणि पोलिसांची. थोरलीला मागे तीन-तीन लाल दिवे, हिला दोन-दोन. गावातल्या एका शेठजींकडे थोरली होती, त्यामुळे लोक मुद्दाम हिचे दिवे मोजून दाखवायचे. अक्का फणकाऱ्याने म्हणायच्या, “दिवा कमी हाय. चाकं तर तेवढीच की!” शेठजींची इंपाला विणकरांच्या दारात कशाला येते? आमच्या भागातल्या लेकी सासरी गेल्या त्या या धाकटीतूनच.

मग मामा अचानक गेले. तेरावं उरकतंय तोच शेठजींचे मुनीम दारात. “अक्का, तिकडं कंपनीनं ही बिस्केन काढायचीच बंद केली. सुटे भाग कुठून आणाल? आम्हाला द्या. आमच्या इंपालाला हिचा गिअरबॉक्स बसतोय.” म्हणजे धाकटीला कापायचं आणि थोरलीला जगवायचं! अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. “त्यांनी काढायचं बंद केलं असंल. मी चालवायचं कुटं बंद केलंय?”

खरं तर तोवर त्यांनी ती एकदाही चालवली नव्हती.

मी शेजारच्या घरातली, शाळेत मास्तरीण. चिंचोळीच्या मोकळ्या माळावर अक्का गाडी शिकल्या तेव्हा उजवीकडे मी बसले. “थांबा” आणि “जावा” मी तिथेच शिकले. अक्कांनी लायसन काढलं, गाडी धुऊन दारात लावली, पण लग्नाचं बोलावणं एकही येईना. विधवेने नवरीची गाडी चालवायची? तोंडावर कुणी बोललं नाही, नुसत्या ठरलेल्या तारखा परत गेल्या. मुनीम मात्र सात रस्त्याच्या चौकात भेटले की आवर्जून गाडीची तब्येत विचारत. वराती मिळाल्या नाहीत तर ती शेठजींच्या आवारात सुटी होणार, हे गल्लीला कळत होतं. मला त्या गल्लीचा संताप यायचा.

अशात माझं लग्न जेऊरला ठरलं. मी घरात सांगून टाकलं, सासरी जाईन ती बिस्केनमधून, आणि अक्काच चालवतील. आडव्या आल्या त्या अक्काच. “नगं गं पोरी. उद्या तुला काय कमीजास्त झालं तर माज्या नावानं बोटं मोडतील.”

“मग मी एसटीनं जाते. नवऱ्यालाही त्यातच घालून नेते.”

अक्कांनी फडकं घेतलं आणि गाडीची काच पुसायला लागल्या.

जेऊरला जाताना पुण्याच्या रस्त्याला उजवीकडे बसायला माझ्याशिवाय होतं कोण? नवरदेव मागे फेटा सांभाळत एकटे आणि पुढे मुंडावळ्या बांधलेली मी, खिडकीतून डोकं काढून ओरडतेय, “थांबा... थांबा... जावा!” ट्रकवाले वाकून वाकून बघत होते.

जेऊरच्या वेशीवर चुलतसासऱ्यांनी हात केला. मी रीतीप्रमाणे उतरून मागे नवऱ्याशेजारी बसले. काका अक्कांना म्हणाले, “बाई, हितवर आनलंत, लई उपकार झाले. आता फुडं आमी नेतो. शुभकार्य हाय.” अक्कांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. काकांनी रुबाबात उजवीकडचं दार उघडलं, बसले, सवयीने दोन्ही हात पुढे केले, आणि समोर चाकच नाही! जमलेली मंडळी खो खो हसायला लागली. उतरावं तर आणखी हसं, बसावं तर करायचं काय? डावीकडे अक्का जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांची मान मात्र खाली गेली होती, आणि तेच मला सहन होईना. नव्या नवरीने बोलू नये हे मलाही ठाऊक होतं. मी पुढे वाकून काकांच्या हातातली किल्ली घेतली आणि अक्कांना दिली.

“अक्का, रस्ता मोकळा हाय. जावा!”

गाडी थेट दारात गेली. सासूबाईंनी आम्हा दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला, क्षणभर थांबल्या, आणि दुसरा तुकडा घेऊन अक्कांवरूनही ओवाळला. ही बातमी अक्का परतायच्या आधी सोलापुरात पोहोचली. त्यानंतर अक्कांच्या गाडीत कितीतरी नवऱ्या बसल्या. शेठजींना गिअरबॉक्स काही मिळाला नाही.

पुढे काही वर्षांनी अक्का अंथरुणाला खिळल्या. मी जेऊरहून गेले आणि खाटेच्या उजवीकडे बसले. त्यांचे डोळे मिटलेलेच. हळूच म्हणाल्या, “मोकळं हाय का गं?”

मी त्यांचीच चेली. म्हटलं, “नाही अक्का. समोरून ट्रक येतोय. थांबा.”

त्या हसल्या. “लई लांब हाय गं तुजा ट्रक.”

थांबल्या मात्र. माझा हात धरून रात्रभर थांबल्या. पहाटे मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात गेल्या. उजवीकडच्या माणसाला न विचारता अक्का तेवढ्या एकदाच पुढे गेल्या.