वांग्यांचा घट

नागपुरात राहून ऊन विकत आणलेलं घर आमचं एकटंच असावं. इथे मार्च लागला की माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून उन्हापासून पळ काढतात. आणि आम्ही दोघं दुकानात उभं राहून सांगत होतो की घरात ऊन कमी पडतं, तेवढ्या उजेडाच्या ट्यूब दाखवा. दुकानदाराने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे पाहिलं, आणि गुपचूप ट्यूब काढून दिल्या.

यांची उभी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली. तिथल्या कॉलनीत आम्हाला क्वार्टर होतं, मागे अंगण होतं. तुळशीच्या पानांवर राख बसायची, ती पुसावी लागायची, पण ऊन फुकट होतं. निवृत्तीनंतर प्रताप नगरात फ्लॅट घेतला. बिल्डर म्हणाला होता, शेजारचा प्लॉट मोकळा आहे, हवा खेळती राहील. दोन वर्षांनी त्यानेच तिथे चार मजले चढवले. आता आमच्या बाल्कनीत भर दुपारी पेपर वाचायचा तर दिवा लावावा लागतो. गच्चीवर जावं तर तिथे सोसायटीने पाटी लावली आहे की कुंड्यांमुळे छत गळतं. छत पहिल्या दिवसापासून गळतं, पण कुंड्या बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर आळ घेणं सोपं.

बी होतं वांग्याचं. माझ्या बाबांच्या शेतातलं, बुटकं, हिरव्यावर पांढऱ्या रेघांचं, देठाला काटे असलेलं वांगं. भाजलं की साल अलगद निघायची आणि आतला गर नुसता मऊसूत. त्याला नाव नव्हतं, घरात त्याला 'आपलं वांगं' म्हणत. दरवर्षी बाबा झाडावरच्या एका चांगल्या वांग्याला चिंधी बांधायचे. ते पिकून पिवळं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, कारण पुढच्या वर्षीचं बी त्यात असायचं. मग बाबा गेले, शेत मोठ्या रस्त्यात गेलं आणि मोबदला घेऊन भाऊ धरमपेठेत गेला. तो आता मॉलमधलं प्लॅस्टिक गुंडाळलेलं वांगं आणतो आणि म्हणतो, सेमच लागतं. जिभेचं काही करता येत नाही.

शेवटचं बी माझ्याकडे राहिलं होतं, चुलीच्या राखेत घोळून पावडरच्या डब्यात ठेवलेलं. त्यावर हे एकदा म्हणाले, "राखच पाहिजे होती तं मले सांगायचं होतं, आमच्याइथं डोंगर होते." मागच्या वर्षी त्यातलं अर्धं बी मी बाल्कनीत पेरलं. ते उगवलं आणि उजेडाविना मेलं. राहिलं ते चिमूटभर, आणि वांग्याचं बी काही आपल्यासाठी जन्मभर थांबत नाही. गावाकडच्या चुलतभावाने पाडव्याला आपल्या मळ्यात एक ओळ द्यायचं कबूल केलं होतं, फक्त रोपं तयार करून आणायची होती. ही चिमूट वाया गेली की बाबांचं वांगं संपलं. मला ते सहन झालं नसतं, सरळच सांगते.

संक्रांत झाली आणि हे कामाला लागले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच यांच्या चेहऱ्यावर शिफ्टला निघाल्याची कळा आली. हॉलमध्ये थेट छताला लागून दोन एलईडी ट्यूब, पट्टीतून नेलेली वायर, वेगळा एमसीबी, अर्थिंग, आणि स्विचवर वीज केंद्रातल्यासारखी चिकटवलेली चिठ्ठी, 'युनिट एक'. ट्यूब सरळ बसली का हे पाहायला लेव्हल लावली. मातीचा ट्रे मात्र खाली फरशीवर.

"अवो, लाइट थोडा खाली घ्या ना," मी म्हटलं.

"काहून? लाइट वरतीच राहते. खाली लटकवाले हे काय भाजीचं दुकान आहे?"

ज्या माणसाने अर्ध्या महाराष्ट्राला वीज पुरवली त्याला आपण काय शिकवणार. यांना उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर उंट निदान यांच्या स्वतःच्या मालकीचा आहे, म्हणून मी माती भिजवायला घेतली.

बी उगवलं त्या सकाळी मी ट्रेपाशी बसून रडले. यांनी त्याची दखल घेतली नाही, फक्त 'युनिट एक'च्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. मग रोपं वाढायला लागली आणि कशी वाढली म्हणता. रोज पाहावं तर आणखी उंच. बारीक, सरळ, फिकट पिवळी. मी हरखून गेले.

हरखण्याचं कारण सांगायला हवं. आमच्या माहेरी चैत्रात आणि अश्विनात घट बसतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मातीत गहू पेरायचा, वर दिवा ठेवायचा. त्या अंधारात गहू पिवळाधमक आणि उंच येतो. जितका उंच तितकी घरात बरकत. बायका एकमेकींच्या घरी जाऊन कुणाचा घट किती आला ते हळूच डोळ्यांनी मापतात आणि वरवर 'छान आला हो' म्हणतात. लहानपणापासून माझ्या डोक्यात हेच बसलेलं की मातीतून उंच आणि पिवळं काही वर आलं की देवी प्रसन्न झाली.

तर मी ट्रेला हळदकुंकू लावलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "किती उंच आलं वं बाई, बरकत आहे तुह्या घरात." मी लाजले. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. हे तर इतके फुगले होते की रात्रीही लाइट बंद करू देत नव्हते. प्लांट कधी बंद नसते, म्हणे.

एका सकाळी उठून पाहते तर निम्मी रोपं आडवी. मुळाशी माना टाकून, मातीवर लोळलेली. उरलेलीही डुलत होती. हे चहाचा कप घेऊन आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "झाला वाटते दसरा."

म्हणाले ते चिडवायला. पण दसऱ्याला आम्ही घटाचं काय करतो ते मला आठवलं. उपटतो. देवाला वाहतो, टोपीत खोचतो, केसांत माळतो आणि उरलेला पाण्यात सोडतो. घटाच्या गव्हाला दहाव्या दिवसानंतर जगायचंच नसतं. त्याला फांदी नको, फूल नको, ओंबी नको. त्याने उजेड शोधत शोधत उंच व्हायचं आणि आपण त्याला बरकत म्हणायचं. माझी रोपंही तेच करत होती. वरच्या ट्यूबकडे हात उंचावून उपाशी मरत होती आणि मी त्यांना कुंकू लावत होते.

"लाइट खाली घ्या," मी म्हटलं, आणि या वेळी 'ना' लावला नाही.

"पूर्ण फिटिंग तोडू? तुले माहीत आहे किती मेहनतीनं पट्टी मारली?"

"मग रोपं वर नेते."

आणि नेली. डायनिंग टेबल ट्यूबखाली ओढलं. त्यावर कूलरचं लोखंडी स्टँड चढवलं, जे मार्चपर्यंत बाल्कनीत पाय पसरून पडलेलं असतं. त्यावर यांची नोकरीतली जाडजूड मॅन्युअलं रचली. क्वार्टरमधून फ्लॅटमध्ये वाहून आणलेली, कुणी कधी न उघडलेली, बॉयलर आणि टर्बाइनची. सगळ्यात वर ट्रे, ट्यूबपासून वीतभर खाली. पडलेल्या रोपांना मानेपर्यंत माती दिली आणि खराट्याच्या काड्यांचा टेकू दिला. त्यातली बरीच तरीही गेली. जी राहिली ती बोटांवर मोजता येतील एवढी.

हे हॉलच्या दारात उभे राहून तो मनोरा बघत होते. मला वाटलं आता फिटिंगच्या अपमानावर भाषण होणार. हे शिडी घेऊन आले. "तुह्या गुडघ्यानं चढणं होणार नाही, पाणी मी टाकतो," म्हणाले आणि चढले. त्या दिवसापासून रोज हेच चढायचे. रोपं वाढली आणि ट्यूबला टेकायला लागली की खालचं एक मॅन्युअल काढून घ्यायचे. आधी टर्बाइन गेलं, मग बॉयलर. रात्री 'युनिट एक' बंद व्हायला लागलं.

रोपं आता उंच होईनात. बुटकी, जाड दांड्याची, गडद हिरवी, पानांवर लव. वहिनी पुन्हा आल्या आणि हळहळल्या, "वाढ खुंटली वाटते वं." मी म्हटलं, हो, देवी रुसली.

मार्च तापला. सोसायटीत घरोघरी कूलरला नवा वाळा लागला. आमचं स्टँड वांग्यांखाली आणि पंखा बंद, कारण मनोरा पंख्याच्या पात्यांना लागला असता. हे बनियनवर बसून पेपराने वारा घेत होते. ज्यांना एप्रिलमध्ये रजई लागेल इतका कूलर लागतो, ते. मी दोनदा म्हटलं, स्टँड काढून घेऊ का. दोन्ही वेळा म्हणाले, "मले कुठं गरम होऊन राहिलं?" बनियन पिळून वाळत घालावी अशी झाली होती. त्या माणसाचा मला फार राग येतो आणि त्या दिवशी अजिबात आला नाही.

पाडव्याला ट्रे मांडीवर घेऊन आम्ही बसने गावी गेलो. माझ्या जुन्या पातळाचा तुकडा भिजवून रोपांवर धरला होता, कारण आता बाहेर खरंखुरं ऊन होतं आणि ते कुणाचं ऐकत नाही. चुलतभावाने रोपं हिरव्या जाळीखाली लावून घेतली. पातळाचा तुकडा तिथेच राहिला.

जून सरता सरता त्याने जेवायला बोलावलं. भरीत होतं, वर कांद्याची पात. पहिला घास घेतला आणि मी बाबांच्या ओट्यावर जाऊन बसले. डोळ्यांतलं पाणी मिरचीवर ढकललं. यांनी तिसरी भाकरी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे युनिट एकचं जनरेशन आहे." मी बोलू दिलं.

पण मग मी सगळ्यांची ताटं पाहिली. ओळीत झाडं थोडी, ताटात वांगी पुष्कळ. पाहुणचारात सगळीच तोडली असतील तर? बी तर पिकल्याशिवाय धरत नाही. हात न धुताच मी मळ्यात गेले. झाडामागून झाड पाहिलं, नुसते कापलेले देठ. शेवटच्या झाडाजवळ खाली वाकले तर पानाआड एक वांगं होतं, पिवळं झालेलं, आणि त्याच्या देठाला माझ्या पातळाची चिंधी बांधलेली.

चुलतभाऊ मागून आला. "ते नाई देत बाई तुले," म्हणाला, "काकाजीचं आहे ते."

मी दोन्ही हात मागे घेऊन उभी राहिले.